लायसन्स करारातली समोरची कंपनी दिवाळखोरीत गेली तर काय करायचं? नाशिकच्या उद्योजकांसाठी क्रमवार मार्गदर्शक

अंबड, सातपूर, सिन्नर, गोंदे, दिंडोरी या पट्ट्यातले पुष्कळ कारखाने दुसऱ्याच्या पेटंटवर, ड्रॉइंगवर, सॉफ्टवेअरवर किंवा ब्रँडवर चालतात. काही जण आपलं तंत्र किंवा लेबल दुसऱ्याला वापरायला देतात. समोरची कंपनी दिवाळखोरीत गेल्याची बातमी आली की ठरलेल्या दोन चुका होतात. मालक घाईने करार रद्द केल्याची नोटीस पाठवतो, आणि वापरणारा "आता पैसे द्यायचे तरी कुणाला?" म्हणून रॉयल्टी थांबवतो. नंतर हे निस्तरायला मुंबईच्या चकरा सुरू होतात आणि तोवर हातातला हक्कही कमकुवत झालेला असतो.

क्रम पाळला तर हे टळतं. आधी कोण बुडालं ते पाहायचं, मग कागद, मग तारीख, मग दावा. करार ठेवायचा की मोडायचा हा प्रश्न त्यानंतरचा. पुढे पेटंट किंवा ब्रँड ज्याचा आहे त्याला 'मालक' आणि पैसे मोजून तो वापरणाऱ्याला 'लायसन्सधारक' म्हटलं आहे.

## टप्पा 1: नक्की कोण बुडालं आहे आणि कितपत?

समोरचा पक्ष प्रायव्हेट लिमिटेड, लिमिटेड किंवा एलएलपी असेल तर नादारी व दिवाळखोरी संहिता, 2016 लागू होते. नोंदणीकृत कार्यालय महाराष्ट्रात असेल तर प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या, म्हणजे एनसीएलटीच्या, मुंबई खंडपीठाकडे जातं. कारखाना सिन्नरला पण नोंदणीकृत कार्यालय अहमदाबादला असेल, तर अहमदाबाद खंडपीठाकडे. कारखान्याचा पत्ता इथे उपयोगाचा नाही.

समोरचा पक्ष एकट्याच्या मालकीचा किंवा भागीदारीतला असेल तर चित्र वेगळं असतं. संहितेतला व्यक्ती आणि भागीदारी संस्थांचा भाग सरसकट लागू झालेला नाही. 1 डिसेंबर 2019 पासून तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता लागू आहे. बाकीच्यांसाठी नाशिकमध्ये अजून 1920 चा प्रांतिक नादारी कायदा आणि जिल्हा न्यायालय. एनसीएलटी, मोरॅटोरियम वगैरे पुढे जे सांगितलं आहे ते त्यांना लागू नाही.

आपल्याकडे घरच्या धंद्यांत एक गोष्ट फार दिसते. कंपनी मुलांच्या नावे प्रायव्हेट लिमिटेड असते, पण ब्रँडची नोंदणी अजून वडिलांच्या वैयक्तिक नावावर. अशा वेळी कंपनी दिवाळखोरीत गेली तरी ब्रँड तिच्या मालमत्तेत आपोआप जात नाही. ट्रेडमार्क आणि पेटंट यांचा ऑनलाइन शोध कुणालाही घेता येतो. मालकाच्या रकान्यात कुणाचं नाव आहे ते स्वतः वाचा, लेटरहेडवर विसंबू नका.

मग प्रकरण कुठवर आलं ते पाहा. 'केस टाकली आहे' म्हणजे दिवाळखोरी सुरू झाली असं नव्हे. किमान 1 कोटी रुपयांची थकबाकी असेल तर धनको अर्ज करू शकतो, पण एनसीएलटीने अर्ज दाखल करून घेतल्याचा आदेश दिला की मगच प्रक्रिया सुरू होते. त्या आदेशाच्या तारखेपासून मोरॅटोरियम, म्हणजे कायदेशीर स्थगिती, लागते. संचालक मंडळाचे अधिकार गोठतात आणि कारभार अंतरिम रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे, म्हणजे एनसीएलटीने नेमलेल्या कारभाऱ्याकडे, जातो. पुढे तोच कायम होतो किंवा त्याच्या जागी दुसरा येतो. आपण दोघांनाही आरपी म्हणू.

तपासा: कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या (एमसीए) संकेतस्थळावर कंपनीची सद्यस्थिती, भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळाच्या (आयबीबीआय) संकेतस्थळावर 'फॉर्म ए' ही जाहीर सूचना, आणि एनसीएलटीचा मूळ आदेश. आदेशाची तारीख लिहून ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

## टप्पा 2: करार कायद्याने उभा राहतो का?

वकिलाकडे जाण्यापूर्वी कागद एका फाइलीत आणा: मूळ करार, त्यातल्या दुरुस्त्या, मुदतवाढीची पत्रं, रॉयल्टीची बिलं, गुणवत्ता तपासणीचे अहवाल, सगळा ई-मेल व्यवहार. आणि खाली दिलेली उणीव आत्ताच शोधा, कारण आरपीचा वकील ती शोधणारच.

पेटंट: लायसन्स लेखी आणि सर्व अटींसह हवं, नाहीतर पेटंट कायद्याच्या कलम 68 नुसार ते ग्राह्यच नाही. शिवाय कलम 69 प्रमाणे पेटंट कार्यालयात नोंद नसेल, तर नियंत्रकाने किंवा न्यायालयाने मुभा दिल्याखेरीज तो दस्तऐवज हक्काचा पुरावा म्हणून धरला जात नाही. 'करार आहे, नोंद राहिली' ही अवस्था मी सर्वात धोक्याची मानतो. सुरळीत दिवसांत ती कुणाला टोचत नाही, आणि पेटंट लिलावात तिसऱ्याने विकत घेतलं की ती एकदम महाग पडते.

ट्रेडमार्क: लेखी संमतीने वापर चालतो, पण नोंदणीकृत वापरकर्ता व्हायचं तर करारापासून 6 महिन्यांत दोघांनी मिळून अर्ज करावा लागतो. उल्लंघनाचा दावा स्वतःच्या नावाने लावण्याचा हक्क नोंदणी नसलेल्या वापरकर्त्याला नाही.

कॉपीराइट, म्हणजे सॉफ्टवेअर, कॅटलॉग, लेबलवरचं चित्र: लायसन्स लेखी हवं. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती 5 वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. निर्यात करणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

द्राक्षबागायतदारांसाठी: परदेशी संरक्षित वाणांच्या करारात वेल तुमच्या जमिनीत असते, पण वाणाचा हक्क दुसऱ्याचा असतो. भारतात वनस्पतीला पेटंट मिळत नाही. संरक्षण येतं ते 2001 च्या वाण संरक्षण कायद्याखाली, आणि वेलींसाठी ते 18 वर्षांपर्यंत टिकतं. वाणाचा भारतातला हक्कदार बुडाला तर मूळ पैदासकाराशी त्याचा करार काय आहे, यावर तुमचा लागवडीचा आणि फळ विकण्याचा हक्क अवलंबून असतो. तो वरचा करार बागायतदाराने कधी पाहिलेलाच नसतो. मागा आणि वाचा.

सावधान: नोंद राहिली असेल तर ती आता घाईने मागच्या तारखेने करू नका. दिवाळखोरीआधीच्या 1 वर्षातले आणि नातेवाईक किंवा संलग्न कंपन्यांशी केलेले 2 वर्षांतले व्यवहार आरपी तपासतो. स्वस्तात किंवा एकाच धनकोला झुकतं माप देऊन फिरवलेला ब्रँड एनसीएलटी परत आणू शकते.

## टप्पा 3: खातं तारखेवर कापा

आदेशाच्या तारखेला खात्यात आडवी रेघ मारा. रेघेच्या वरची रॉयल्टी ही जुनी थकबाकी. ती दाव्याच्या रांगेत जाते आणि तिच्यातलं किती हाती पडेल ते सांगता येत नाही. रेघेच्या खालची रॉयल्टी मात्र कंपनी चालू ठेवण्याचा खर्च आहे. आरपीने कारखाना चालू ठेवून तुमचं पेटंट वापरलं, तर ती रक्कम दिवाळखोरी प्रक्रियेच्या खर्चात धरण्याची मागणी करा. हा खर्च रिझोल्यूशन प्लॅनमध्ये, म्हणजे कंपनी सावरण्याच्या योजनेत, सर्वांच्या आधी फेडावा लागतो.

बहुतेक मालक इथे चुकतात. तिमाही संपली की नेहमीप्रमाणे एकच बिल पाठवतात. आदेश 12 तारखेचा असेल, तर महिन्याच्या 1 ते 11 चं एक बिल आणि 12 पासून पुढचं दुसरं बिल करा. दुसऱ्यावर आरपीचं नाव टाका आणि ते दर महिन्याला पाठवा. साचू दिलं की तीही थकबाकीच दिसायला लागते.

लायसन्सधारकांसाठी या टप्प्यावर इशारा आहे वळतं करून घेण्याबद्दल. समजा मालकाकडे तुमची 5 लाखांची अनामत पडून आहे आणि तुम्ही 8 लाख रॉयल्टी देणं लागता. मनाला वाटतं, 3 लाख भरून मोकळं व्हावं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2024 मध्ये भारती एअरटेलच्या प्रकरणात सांगितलं की रिझोल्यूशनच्या काळात अशी वजावट चालत नाही. अपवाद दोनच: प्रक्रिया सुरू होण्याआधीच करारानुसार झालेली वजावट, किंवा एकाच व्यवहारात घट्ट गुंतलेली देणी-घेणी. म्हणजे सर्वसाधारणपणे 8 लाख पूर्ण भरायचे आणि 5 लाखांचा वेगळा दावा लावायचा. हे पटत नाही, तरी कायदा हाच आहे.

## टप्पा 4: दावा, मुदतीत

फॉर्म ए आला की त्यात दावे देण्याची शेवटची तारीख छापलेली असते, आरपी नेमल्यापासून साधारण 14 दिवसांची. ही सूचना एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात येते. तुम्हाला वेगळं पत्र येईल म्हणून थांबू नका. उशिराचे दावे काही काळ स्वीकारले जातात, पण कारणं द्यावी लागतात.

रॉयल्टी थकलेल्या मालकासाठी सामान्यतः फॉर्म बी, म्हणजे ऑपरेशनल धनकोचा (ज्याचं येणं कर्जाचं नसून माल किंवा सेवेचं आहे त्याचा). ज्यांचं येणं ना वित्तीय ना ऑपरेशनल, त्यांच्यासाठी फॉर्म एफ. दिलेला ॲडव्हान्स, अनामत, सेवा न मिळाल्याची भरपाई यांतलं काय कुठे बसतं ते करारातल्या शब्दांवर ठरतं, ते सल्लागाराकडून पक्कं करून घ्या. सोबत करार, बिलं, बँक खात्याचा उतारा आणि जीएसटी विवरणं जोडा.

दावा न लावण्याची किंमत मोठी आहे. प्लॅन मंजूर झाला की तो सगळ्यांवर बंधनकारक होतो आणि त्यात नसलेले दावे संपतात, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये घनश्याम मिश्रा प्रकरणात स्पष्ट केलं आहे. नवा मालक कोऱ्या पाटीने सुरुवात करतो.

तपासा: रॉयल्टीला संचालकांनी वैयक्तिक हमी दिली होती का? दिली असेल तर मोरॅटोरियम हमीदाराला वाचवत नाही. कंपनीविरुद्धचा दावा आणि लवाद मात्र थांबतो.

## टप्पा 5: तुम्ही मालक आहात आणि लायसन्सधारक बुडाला आहे

इथे तीन कामं करायची आहेत. पहिलं काम आजचं आहे.

गुपितं वाचवा. कंपनी विकत घेऊ पाहणाऱ्यांसाठी आरपी माहितीची डेटा रूम उघडतो. तुमची ड्रॉइंग, मिश्रणाची प्रमाणं, प्रक्रियेचे तक्ते त्या कंपनीच्या सर्व्हरवर असतील तर ते सहज त्यात जातात, आणि बोली लावणाऱ्यांत तुमचा थेट स्पर्धक असू शकतो. संहितेच्या कलम 29 मध्ये बोलीदारांकडून गोपनीयतेची हमी घेतली जाते, पण बौद्धिक संपदेबद्दलचे तिथले शब्द बुडालेल्या कंपनीच्या संपदेबद्दल आहेत. तुमचं तुम्ही सांभाळायचं. आरपीला लेखी कळवा की ही कागदपत्रं तिसऱ्याच्या मालकीची आहेत. कलम 18 चं स्पष्टीकरण अशी करारान्वये ताब्यात असलेली परकी मालमत्ता कंपनीच्या मालमत्तेतून वगळतं. यादी जोडा, डेटा रूमबाहेर ठेवल्याची पोच मागा. तुमच्या मालकीच्या डाय, मोल्ड, पॅटर्न तिथे असतील तर तेही याच यादीत, क्रमांकासह.

मग रद्द करण्याचा प्रश्न. 'दिवाळखोरीत गेल्यास करार आपोआप संपेल' असं कलम जवळपास प्रत्येक करारात असतं आणि मालकाला वाटतं की तेच पुरे. तेवढ्यावर उभं राहू नका. मार्च 2021 मध्ये गुजरात ऊर्जा विकास निगमच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निव्वळ दिवाळखोरीच्या कारणावरून वीजखरेदी करार तोडायला मनाई केली, कारण त्या कंपनीचं अस्तित्वच त्या करारावर होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने दुसरी बाजू सांगितली: करार सेवेतल्या त्रुटींसारख्या, दिवाळखोरीशी संबंध नसलेल्या कारणाने तोडला असेल तर एनसीएलटीने हात घालू नये.

व्यवहारात याचा अर्थ असा. गुणवत्ता घसरली, प्रदेशाबाहेर विक्री झाली, तपासणीला अडवलं, अशी जुनी कारणं असतील आणि त्यांच्या नोटिसा आदेशाच्या तारखेआधीच्या असतील, तर तुमची बाजू चांगली आहे. आदेशानंतर अचानक जुने दोष आठवले तर ते बहाण्यासारखं दिसतं. आरपीने आदेशानंतरच्या काळाची रॉयल्टीच थकवली, तर मात्र तुम्हाला नवं आणि स्वच्छ कारण मिळतं.

तिसरं काम मुदतीचं. मोरॅटोरियममुळे करार तोडायला अडथळा येऊ शकतो, पण संपत आलेली मुदत त्याने आपोआप वाढत नाही. मुदत संपणार असेल तर आधीच लेखी कळवा: संपतो आहे, वाढवायचा असेल तर या अटींवर.

गैरसमज: 'कलम 14 मध्ये लायसन्स रद्द करता येत नाही असं लिहिलं आहे.' ते स्पष्टीकरण सरकार, स्थानिक संस्था आणि नियामकांनी दिलेल्या परवान्यांसाठी आहे, खाजगी पेटंट किंवा ब्रँड करारासाठी नाही. आरपीच्या पत्रात हे कलम दिसलं तर घाबरून जाऊ नका. कलम 14(2अ) मात्र वेगळं आहे. आरपीने एखादा पुरवठा अत्यावश्यक ठरवला आणि चालू पैसे दिले, तर तो तोडता येत नाही. सॉफ्टवेअर किंवा तांत्रिक साहाय्य देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

## टप्पा 6: तुम्ही लायसन्सधारक आहात आणि मालक बुडाला आहे

कारखाना बंद करू नका आणि रॉयल्टीही थांबवू नका. आरपीला कंपनी चालू ठेवायची असते आणि तुमची रॉयल्टी हे त्याचं उत्पन्न आहे. अमेरिकेतल्यासारखा नको असलेला करार नाकारण्याचा सरळ अधिकार आपल्या संहितेने रिझोल्यूशनच्या काळात आरपीला दिलेला नाही. तुम्ही पैसे थांबवले तर मात्र करार तोडायचं कारण तुम्हीच त्याच्या हाती देता.

आरपीकडून एक पत्र मिळवा, त्यात तीन गोष्टी हव्यात: करार चालू आहे, रॉयल्टी अमुक खात्यात भरायची आहे, आणि लायसन्सची नोंद बोलीदारांसाठीच्या माहिती-पत्रकात केली आहे. जुन्या संचालकाने फोनवर दिलेल्या खात्यात एक रुपयाही भरू नका. त्याचे अधिकार गोठलेले आहेत आणि ते पैसे तुम्हाला पुन्हा भरावे लागतील.

आता ज्याकडे कुणाचंच लक्ष नसतं ती गोष्ट: नूतनीकरण. पेटंटचं शुल्क तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी असतं, ट्रेडमार्कचं दर 10 वर्षांनी. बुडालेल्या कंपनीत पगार निघत नाहीत, तिथे पेटंटच्या फीची आठवण कुणाला? शुल्क चुकलं तर पेटंट संपतं आणि तुम्ही ज्यासाठी पैसे मोजता ते सगळ्यांनाच खुलं होतं. पेटंटला 6 महिन्यांची वाढीव सवलत आहे, त्यानंतर संपल्यापासून 18 महिन्यांच्या आत पुनर्स्थापनेचा अर्ज करता येतो. तारखा तुमच्या कॅलेंडरात टाका, आरपीला स्मरणपत्र पाठवा, आणि गरज पडली तर त्याच्या लेखी संमतीने शुल्क तुम्हीच भरा.

तपासा: सॉफ्टवेअरवर उत्पादन चालत असेल तर सोर्स कोड कुणाकडे आहे? एस्क्रोमध्ये, म्हणजे तटस्थ तिसऱ्याकडे ठेवलेला, असेल तर तो कोणत्या घटनेवर सुटतो ते वाचा. चालू डेटाची प्रत आजच घ्या.

## टप्पा 7: प्रकरण लिक्विडेशनला गेलं तर

प्लॅन जमला नाही की कंपनी मोडीत निघते. दावा पुन्हा, लिक्विडेटरकडे, लिक्विडेशन सुरू झाल्यापासून 30 दिवसांत. आधी आरपीकडे लावला होता म्हणून गाफील राहू नका.

लिक्विडेटरला तोट्याचे करार सोडून देण्याची परवानगी एनसीएलटीकडे मागता येते, 6 महिन्यांच्या आत. तुमचं लायसन्स त्यात गेलं तर तुम्ही नुकसानभरपाईचे धनको होता. पेटंट आणि ब्रँड लिलावात निघतात तेव्हा लिलावाच्या अटींमध्ये 'विद्यमान लायसन्ससह' हे शब्द आहेत का ते पाहा. नसतील तर लिलावाआधी लेखी हरकत घ्या. आणि तुमचा अर्धा धंदा त्या पेटंटवर असेल तर स्वतः बोली लावण्याचा गंभीरपणे विचार करा. पेटंटला ग्राहक थोडे असतात आणि त्याची खरी किंमत तुमच्याइतकी कुणाला माहीत नसते.

## टप्पा 8: मालक अमेरिकन असेल तर

तिथल्या दिवाळखोरी कायद्याचं कलम 365(एन), 1988 पासून, लायसन्सधारकाला निवड देतं: करार नाकारला गेला तरी ठरलेली रॉयल्टी वजावटीशिवाय भरत राहून पेटंट आणि कॉपीराइट वापरता येतात. ट्रेडमार्क त्या व्याख्येत नाही. पण 2019 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मिशन प्रॉडक्ट प्रकरणात ठरवलं की करार नाकारणं म्हणजे करारभंग, त्याने दिलेला हक्क काढून घेतला जात नाही. तिथून आलेल्या नोटिशीला मुदत असते, ई-मेल न वाचता ठेवू नका.

## टप्पा 9: पुढच्या करारात काय लिहायचं

मालकांनी रॉयल्टी मासिक ठेवावी, वार्षिक नको. सहा महिन्यांची अनामत किंवा बँक हमी घ्यावी. करार तोडण्याची कारणं गुणवत्ता, तपासणी आणि थकबाकी यांच्याशी बांधावीत, नोटीस आणि सुधारणेच्या दिवसांसह. दिवाळखोरीचं कलम असू द्या, पण ते एकटं नको. गोपनीय कागदांवर मालकीचा शिक्का आणि क्रमांक हवा, म्हणजे टप्पा 5 मधली यादी तासाभरात निघेल.

लायसन्सधारकांनी करारातच लिहून घ्यावं: नोंदणीसाठी मालक 30 दिवसांत सह्या देईल, नूतनीकरण चुकल्यास लायसन्सधारक शुल्क भरून ते रॉयल्टीतून वळतं करेल, आणि मालकी कुणाकडेही गेली तरी लायसन्स कायम राहील. मधलं वाक्य अनेक जण वगळतात. पण वजावटीची व्यवस्था आधीपासून करारात असली की टप्पा 3 मध्ये सांगितलेल्या अपवादात बसवण्यासाठी तुमच्याकडे निदान आधार असतो. मुद्रांक शुल्क भरून करार झाला की नोंदणीचा अर्ज त्याच आठवड्यात द्या, सह्या करणारी माणसं अजून एकमेकांचे फोन उचलत असताना.